विष्णू नारायण भातखंडे

विष्णू नारायण भातखंडे (१० ऑगस्ट १८६०, वाळकेश्वर, मुंबई – १९ सप्टेंबर १९३६, मुंबई) हे हिंदुस्तानी संगीताचे शास्त्रकार, बंदिशींचे संग्राहक आणि संगीतसंस्थांचे संघटक होते. पेशाने ते वकील होते. मैफलीचे गायक म्हणून त्यांनी कधी नाव कमावले नाही, तसा प्रयत्नही केला नाही. घराण्यांच्या चार भिंतींत राहिलेले संगीत लिहून काढणे, त्याची व्यवस्था लावणे आणि ते कोणत्याही इच्छुकास शिकता येईल अशा संस्था उभारणे हे काम त्यांनी सुमारे पन्नास वर्षे केले. दहा थाटांची रागवर्गीकरण पद्धती, त्यांच्या नावाने ओळखली जाणारी स्वरलिपी, ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ व ‘क्रमिक पुस्तक मालिका’ हे ग्रंथ आणि लखनौचे संगीत महाविद्यालय ही त्यांच्या कार्याची ठळक फळे होत. या सर्व कामाची सुरुवात मात्र मुंबईतील हौशी सभासदांनी चालविलेल्या एका गायनमंडळीत झाली. ते अनेकदा चरित्राच्या एखाद्या ओळीत आटोपले जाते, म्हणून या लेखात त्या अंगास अधिक जागा दिली आहे.

बालपण व शिक्षण

भातखंडे यांचा जन्म गोकुळाष्टमीच्या दिवशी वाळकेश्वर येथे एका मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबात झाला. लहानपणी ते बासरी वाजवीत. महाविद्यालयात असताना त्यांनी वल्लभदास यांच्याकडे सतारीचे शिक्षण सुरू केले. प्रतिष्ठित घरातील मुलाने गवयांच्या संगतीत बसावे हे त्या काळी वडीलधाऱ्यांना रुचत नसे. त्यामुळे हा अभ्यास बराचसा घराबाहेर आणि गाजावाजा न करता चालला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८५ मध्ये ते बी.ए. झाले व १८८७ मध्ये त्यांनी एल्‌एल.बी.ची पदवी मिळविली. काही काळ कराचीत व पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. कायद्याच्या अभ्यासाने लागलेली सवय त्यांच्या संगीतविषयक लेखनात कायम दिसते: प्रत्येक विधानास ते आधार मागतात, परस्परविरोधी साक्षी शेजारी शेजारी मांडतात आणि मगच निर्णय देतात.

गायन उत्तेजक मंडळी

१८७० मध्ये ‘रास्त गोफ्तार’चे संपादक कैखुश्रू नवरोजी काबराजी यांनी मुंबईत पारशी समाजासाठी ‘गायन उत्तेजक मंडळी’ स्थापन केली. काबराजी हे व्हिक्टोरिया नाटक मंडळीच्या स्थापनेतही अग्रभागी होते. नाटक आणि गाणे ही दोन्ही क्षेत्रे सुशिक्षित कुटुंबांना उजळ माथ्याने वावरता येईल अशी करावीत हा त्यांचा हेतू होता. मंडळी सभासदांच्या वर्गणीवर चाले. कारभार पाहणारे व्यापारी, वकील, नोकरदार असे लोक आपापले उद्योग सांभाळून हे काम करीत. शिकविण्यासाठी मात्र उत्तम गवयांना मानधन देऊन आणले जाई. पुढे मंडळीची दारे पारशीतरांसही खुली झाली आणि १८८४ मध्ये भातखंडे तिचे सभासद झाले.

येथे त्यांना रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे आणि अली हुसेन खाँ व विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल शिकावयास मिळाले. शेकडो रचना त्यांनी या काळात कंठस्थ केल्या. मंडळीचा दुसरा उपयोग त्याहूनही मोठा म्हणावा लागेल. मुंबईत येणारे बाहेरगावचे कलावंत मंडळीच्या बैठकीत गात आणि तेथे एकच राग चार गवयांकडून चार रीतींनी ऐकण्याची संधी मिळे. घराण्यात शिकणाऱ्या शिष्यास ती सहसा मिळत नसे. गुरूखेरीज दुसऱ्याचे ऐकणेदेखील तेथे अपराध ठरू शके. भातखंडे यांना पडलेले प्रश्न या तुलनेतूनच निर्माण झाले. एका गवयाचा राग दुसऱ्यास मान्य का नाही, दोघेही परंपरेचा दाखला देतात तेव्हा निवाडा कोणी करावयाचा, आणि जुने संस्कृत ग्रंथ प्रत्यक्ष गायनाशी का जुळत नाहीत, या प्रश्नांची उत्तरे कोणा एका उस्तादाकडे नव्हती. मंडळीत त्यांनी संगीताच्या इतिहासावर व्याख्याने दिली आणि पुढे सभासदांना शिकविण्याचे कामही केले.

मंडळीच्या रचनेत एक अवघड गोष्ट होती व ती भातखंडे यांच्या पुढील सर्व संस्थांत पुन्हा दिसते. संस्था चालविणारे कलावंत नव्हते आणि कलावंतांच्या हाती संस्था नव्हती. वर्गणीदारांस शिकण्याची हौस होती, पण उस्तादांची रोजीरोटी त्या विद्येवर होती. जी बंदिश सर्वांना शिकविली ती त्याच्या मुलाच्या वारशातून वजा होई. घरंदाज चिजा राखून ठेवण्याच्या उस्तादांच्या वृत्तीस पुढील काळात संकुचितपणा म्हटले गेले, परंतु त्यामागचा हा हिशेब लक्षात घेतल्याशिवाय भातखंडे यांना झालेला विरोध नीट समजत नाही.

प्रवास

१८९६ मध्ये त्यांनी गुजरात व काठेवाडचा दौरा केला. १९०० मध्ये पत्नीचे आणि १९०३ मध्ये एकुलत्या मुलीचे निधन झाल्यावर त्यांनी वकिलीतून हळूहळू अंग काढून घेतले व उरलेले आयुष्य संगीतास दिले. १९०४ मध्ये ते दक्षिणेत गेले. मद्रास, मदुरा, रामेश्वर असा हा प्रवास होता, पण त्यातील महत्त्वाचा मुक्काम एट्टयपुरम् येथील ठरला. तेथे सुब्बराम दीक्षितर यांच्याशी त्यांची भेट झाली. त्यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या ग्रंथाशी व बहात्तर मेळांच्या रचनेशी झालेला हा परिचय निर्णायक होता. कर्नाटक संगीतात ग्रंथ आणि गायन यांचा सांधा टिकून राहिला आहे आणि उत्तरेत तो तुटला आहे, असे त्यांच्या ध्यानात आले.

१९०७ मध्ये नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी व हैदराबाद आणि १९०८ मध्ये अलाहाबाद, काशी, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर, बिकानेर व उदयपूर असे दौरे त्यांनी केले. या प्रवासांत ते संस्थानांचे ग्रंथसंग्रह पाहत, हस्तलिखितांच्या नकला करवून घेत आणि पंडितांना व गवयांना आधी तयार केलेले प्रश्न विचारीत. प्रवासाच्या रोजनिशा त्यांनी काटेकोरपणे लिहिल्या. त्यांतील काही व्यक्तींविषयीचे अभिप्राय कठोर आहेत. थोर मानल्या गेलेल्या विद्वानांचे अज्ञान त्यांनी उघडपणे नोंदविले आहे. रामामात्य, पुंडरीक विठ्ठल, लोचन यांसारख्या जुन्या ग्रंथकारांच्या अभ्यासातून त्यांच्या पुढील लेखनाचा पाया घातला गेला.

बंदिशींचे संकलन

बंदिशी मिळविणे हे ग्रंथ मिळविण्यापेक्षा कठीण होते. भातखंडे यांनी त्यासाठी परिस्थितीनुसार वेगवेगळे मार्ग धरले. कोठे द्रव्य दिले, कोठे संस्थानिकांची शिफारस मिळविली, कोठे रीतसर गंडा बांधून शिष्यत्व पत्करले. जयपूरचे मोहंमद अली खाँ हे मनरंग परंपरेचे वारस होते. त्यांच्या व त्यांचे पुत्र आशिक अली आणि अहमद अली यांच्याकडील शेकडो रचना भातखंडे यांना मिळाल्या आणि त्यांचे गायन फोनोग्राफवरही उतरवून घेण्यात आले. रामपूर दरबारात नवाब हमीद अली खाँ व वजीर खाँ यांच्याद्वारे तानसेनाच्या सेनिया परंपरेतील ध्रुपदे त्यांच्या संग्रहात आली. नवाबांचे शिष्यत्व त्यांनी रीतीप्रमाणे स्वीकारले होते. एका सुशिक्षित वकिलाने प्रौढ वयात असे नव्याने शिष्य होणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

या प्रयत्नांना सर्वत्र यश आले नाही. आपली विद्या छापील पानावर उतरावी हे अनेक उस्तादांना मान्य झाले नाही. तरीही जे जमा झाले त्याचे प्रमाण मोठे आहे: ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत मिळून १,८०० च्या आसपास रचना स्वरलिपीसह छापल्या गेल्या. त्यांपैकी कितीतरी रचनांचे मूळ गायक वंशपरंपरेने आज कोठेही गात नाहीत.

ग्रंथ, थाट व स्वरलिपी

१९१० च्या सुमारास ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ ‘चतुरपंडित’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘लक्ष्य’ म्हणजे प्रचारातील संगीत. जे आज गायिले जाते त्याचेच शास्त्र सांगावयाचे, ही भूमिका ग्रंथाच्या नावातच आहे. त्यानंतर ‘विष्णुशर्मा’ या नावाने ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ हा चार भागांचा मराठी ग्रंथ १९१० ते १९३२ या काळात निघाला. गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिलेला हा ग्रंथ मराठी शास्त्रीय गद्यातही उल्लेखनीय ठरावा. शिष्य शंका काढतो, गुरू आडवळणाने उत्तर देतो, मध्येच एखाद्या प्रवासातील अनुभव सांगतो आणि पुन्हा मूळ रागाकडे येतो. स्वतःच्याच संस्कृत ग्रंथाचा हवाला ते या संवादात तिऱ्हाईताप्रमाणे देतात. टोपणनावांमागची ही गंमत अनेक वाचकांच्या उशिरा लक्षात आली. या ग्रंथांच्या प्रकाशनाची बाजू भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी सांभाळली. पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने हिंदी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर उत्तर भारतात त्यांचा प्रसार झाला.

रागांची जुनी राग-रागिणी-पुत्र अशी कुटुंबपद्धती त्यांनी बाजूला ठेवली आणि बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत रागांची विभागणी केली. शुद्ध सप्तक म्हणून बिलावल घेतले. गणिताने बहात्तर थाट शक्य असताना दहाच का, याचे उत्तर सोयीचे होते: प्रचारातील बहुतेक राग एवढ्यांत बसत होते.

त्यांची स्वरलिपी तिच्या साधेपणामुळे टिकली. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू, तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, स्वर लांबविण्यासाठी रेघ आणि अक्षर लांबविण्यासाठी अवग्रह, समेला फुली व खालीला शून्य, एका मात्रेत अनेक स्वर आल्यास त्यांच्याखाली कंस: एवढ्या खुणांवर पद्धती उभी आहे. देवनागरी छापखान्यातील खिळ्यांत हे सर्व जुळविता येई. मींड, गमक, कण यांचे बारकावे या लिपीत पुरते उतरत नाहीत. लिपी आठवणीस आधार म्हणून आहे, गुरूच्या जागी नाही, हे त्यांचे अनुयायीही मान्य करीत.

संगीत परिषदा

मार्च १९१६ मध्ये बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाखाली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार होते. गायन उत्तेजक मंडळीत लहान प्रमाणावर जे घडत होते ते येथे देशपातळीवर करावयाचे होते: गवई, वादक, शास्त्री आणि हौशी अभ्यासक एका छताखाली बसवावेत, रागांच्या स्वरूपाविषयी खुली चर्चा व्हावी आणि शक्य तेथे एकमत घडवावे. बडोद्याच्या परिषदेत श्रुतींचा वाद गाजला. कृष्णाजी बल्लाळ देवल व ई. क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम पुढे केली होती. तिच्यातील स्वरस्थाने प्रत्यक्ष गायनाशी ताडून पाहण्याचे काम उदयपूरचे झाकिरुद्दीन खाँ यांच्यासारख्या ध्रुपदियांकडे आले आणि पेटीचा दावा टिकला नाही. शास्त्रार्थाचा निर्णय उस्तादाच्या कंठाने लागला, ही घटना उस्तादांच्या शास्त्रज्ञानाविषयी साशंक असणाऱ्या भातखंडे यांच्या परिषदेत घडावी हे लक्षणीय आहे. अतिया बेगम फैजी यांनीही या परिषदेत भाग घेतला होता.

दुसरी परिषद १९१८ मध्ये दिल्लीस, तिसरी १९१९ मध्ये काशीस आणि चौथी व पाचवी लखनौस १९२४ व १९२५ च्या अखेरीस झाली. संस्थानिकांचे पाठबळ, स्वागत समित्यांतील स्थानिक प्रतिष्ठितांचे विनावेतन श्रम आणि भातखंडे यांचा अफाट पत्रव्यवहार यांवर हा पसारा चालला. कोणाच्या आधी कोण गाणार, कोणत्या घराण्याच्या प्रतिनिधीस निमंत्रण गेले व कोणाचे राहिले, यांवरून रुसवेफुगवे होत. परिषदांचे अंतिम उद्दिष्ट एक राष्ट्रीय संगीत अकादमी हे होते. ती उभी राहिली नाही. ठराव झाले, आश्वासने मिळाली, पण निधी जमला नाही. परिषद संपली की समिती पांगे आणि कायम काम करणारे मनुष्यबळ उरत नसे. उत्सव भरविणे व संस्था चालविणे यांतील हा फरक भातखंडे यांना महागात पडला.

विद्यालये

जेथे एकाच ठिकाणी ठरलेले शिक्षक व ठरलेला खर्च यांची सोय झाली तेथे मात्र त्यांचे काम रुजले. ग्वाल्हेरला माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने जानेवारी १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्यासाठी ग्वाल्हेरमधील निवडक गायकांना आधी मुंबईस बोलावून भातखंडे यांनी नव्या पद्धतीची तयारी करून दिली. त्यांपैकी राजाभैया पूंछवाले यांनी पुढे विद्यालयाची धुरा वाहिली. ग्वाल्हेर घराण्याच्या मूळ भूमीत घराण्याच्याच गवयांनी स्वरलिपीवरून शिकवावे ही तडजोड यशस्वी झाली. बडोद्यात मौलाबक्ष यांनी स्थापन केलेल्या जुन्या गायनशाळेची पुनर्रचनाही त्यांच्या सल्ल्याने झाली.

लखनौचे महाविद्यालय परिषदांतून निघाले. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये ‘मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक’ स्थापन झाले. प्रांताचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्यास देण्यात आले. अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके व परीक्षा ही सर्व रचना भातखंडे यांची होती. सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे घराणेदार कलावंत तेथे अध्यापक झाले. त्यामुळे उस्तादाला दरबाराऐवजी संस्थेचे वेतन मिळाले आणि गायन उत्तेजक मंडळीपासून चालत आलेला रोजीरोटीचा प्रश्न निदान काही घरांपुरता सुटला. भातखंडे स्वतः मात्र संगीताच्या कामाचे वेतन घेत नसत. १९२८ पासून त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. रातंजनकरांना भातखंडे यांनी बडोद्यास फैयाज खाँ यांच्याकडे तालीम घेण्यास पाठविले होते, म्हणजे पुस्तकी पद्धतीच्या या प्रवर्तकाने आपल्या पट्टशिष्यासाठी मात्र उस्तादाचीच निवड केली.

मतभेद व टीका

समकालीन विष्णु दिगंबर पलुसकर यांच्याशी भातखंडे यांची नेहमी तुलना होते. पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि ते मुख्यतः स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर व लोकाश्रयावर चालविले. शिष्य त्यांच्या घरचेच होऊन राहत. दोघांच्या स्वरलिपी वेगळ्या होत्या, परस्परांविषयी फारशी आपुलकी नव्हती. पलुसकरांच्या कामामागे भक्ती व शिस्त होती, तर भातखंडे यांच्या कामामागे चिकित्सा. पलुसकरांची संस्था कर्जात सापडली व मुंबईची इमारत गेली, तरी शिष्यांनी १९३१ नंतर मंडळ स्थापून ती गावोगाव पोहोचविली. भातखंडे यांच्या संस्थांना राजाश्रय होता, पण महाराष्ट्रात त्यांचे जाळे तसे पसरले नाही. ग्रंथांची मूळ भाषा मराठी असूनही त्यांचा खरा प्रभाव उत्तरेत पडला.

थाटपद्धतीवर तेव्हापासून आजवर टीका होत आली आहे. काही राग कोणत्याच थाटात नीट बसत नाहीत, काहींचे चलन थाटाच्या स्वरांशी विसंगत आहे, हे आक्षेप रास्त आहेत. अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे श्रेष्ठ गायक त्यांच्या मताशी कधी सहमत झाले नाहीत. अलीकडील अभ्यासकांनी आणखी एक मुद्दा पुढे आणला आहे: मुस्लिम उस्तादांकडून विद्या मिळवूनही त्यांच्या शास्त्रज्ञानाविषयी भातखंडे यांनी अनुदार लिहिले आणि संगीताचे नियंत्रण घराण्यांकडून सुशिक्षित मध्यमवर्गाकडे नेले. या आक्षेपात तथ्य आहे. त्याचबरोबर ग्वाल्हेर व लखनौच्या संस्थांत घराणेदार गवयांनाच अध्यापक नेमण्याचा त्यांचा आग्रह आणि जन्माने कलावंत नसलेल्या मुलामुलींसाठी त्यांनी उघडलेली वाट याही नोंदी त्याच इतिहासात आहेत.

अखेरची वर्षे व वारसा

१९३३ मध्ये अर्धांगवायूच्या झटक्याने भातखंडे अंथरुणास खिळले. त्या स्थितीतही ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या उरलेल्या भागांचे काम त्यांच्या मनात होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीच्या दिवशी, मुंबईत त्यांचे निधन झाले. मालिकेचा पाचवा व सहावा भाग त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला.

मॅरिस कॉलेजातून सुमती मुटाटकर, चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, के. जी. गिंडे, दिनकर कैकिणी असे गायक-अध्यापक तयार झाले. त्यांपैकी गिंडे व भट यांनी पुढे मुंबईत शीव येथील वल्लभ संगीतालयात अनेक वर्षे अध्यापन केले आणि मालिकेतील रचना गाऊन, शिकवून त्यांचे मूळ स्वरूप नव्या पिढीपुढे ठेवले. भारतीय टपाल खात्याने १९६१ मध्ये भातखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. १९६६ मध्ये उत्तर प्रदेश शासनाने लखनौचे महाविद्यालय ताब्यात घेऊन त्यास भातखंडे यांचे नाव दिले. २००० मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते भातखंडे संस्कृती विद्यापीठ या नावाने राज्य विद्यापीठ म्हणून चालते.